शेअरबाजारांतील नफ्याची शाश्वती

गेल्या दिवाळीच्या सुमारास आमचे एक जुने स्नेही आमच्याकडे आले, ते हातांत एक वही घेऊनच. वही त्यांच्या चिरंजीवांची होती. चिरंजीव इंजिनिअर असून चांगल्या नोकरीवर आहेत. परंतु सकाळच्या सव्वानऊपासून दुपारच्या साडेतीनपर्यंत, म्हणजे शेअरबाजार उघडा असेपर्यंत, त्यांचें चित्त कचेरींतल्या कामांत नसून हातांतल्या मोबाईलवर असतें. वहींत सहा महिन्यांच्या सौद्यांचा जमाखर्च सुवाच्य अक्षरांत मांडला होता, आणि सहाही महिन्यांची अखेरची बाकी जमेचीच होती. आतां नोकरीचा राजीनामा देऊन हाच धंदा पत्करावा, राहत्या घरावर थोडें कर्ज काढून भांडवल वाढवावें, असा चिरंजीवांचा बेत होता. आमचे स्नेही म्हणाले, “या वहींत चूक काढावी म्हटलें तर ती सांपडत नाहीं, आणि मन तर कबूल होत नाहीं. तुम्ही जुन्या मुंबईच्या हकीकती वाचीत असतां. त्यांतून कांहीं सांगतां आलें तर सांगा.”

अशा प्रश्नास दोन ठराविक उत्तरें तयार असतात. एक उपदेशकाचें: शेअरबाजार हा जुगार आहे, सभ्य माणसानें त्याच्या वाटेस जाऊं नये. दुसरें जाहिरातदाराचें: ज्ञान, शिस्त आणि चिकाटी असल्यास या बाजारांतून कोणासही दरमहा कमाई करतां येईल. पहिलें उत्तर त्या तरुणास पटणार नाहीं, कारण त्याच्या वहींत नफा आहे. दुसरें खरें असतें तर अशा कमाईवर वर्षानुवर्षें संसार चालविणारीं घरें आपल्या भोंवतालीं पुष्कळ दिसावयास हवीं होतीं. तीं दिसत नाहींत. आमच्या मतें प्रश्नच आधीं नीट मांडला पाहिजे. सट्ट्यांत नफा होतो कीं नाहीं, हा वाद नव्हे. तो होतो, आणि कधीं कधीं अतोनात होतो. प्रश्न असा कीं, तो पगारासारखा नेमानें येत राहील काय, आणि राहत नसल्यास कां राहत नाहीं? याचा विचार करण्यास मुंबईच्या इ. स. १८६१ ते १८६५ या काळाच्या इतिहासासारखें साधन क्वचितच मिळेल.

एप्रिल १८६१ मध्यें अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. उत्तरेकडील आरमारानें दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली, आणि लँकेशायरच्या गिरण्यांस होणारा अमेरिकन कापसाचा पुरवठा जवळजवळ बंद पडला. गिरण्यांस कापूस तर हवाच होता. तो त्यांनीं हिंदुस्थानांतून, मुख्यतः मुंबई बंदरांतून, मागविण्यास सुरुवात केली. आपल्याकडील कापसाचा लिव्हरपूलमधील भाव युद्धापूर्वीच्या चौपटीच्या घरांत गेला. नेहमींच्या भावानें जें मिळालें असतें त्याहून सात-आठ कोटी पौंड अधिक या काळांत मुंबईच्या पदरीं पडले, असा त्या वेळच्या जाणत्या लोकांचा अंदाज होता. इतका पैसा ठेवावा कोठें, हा शहरापुढें प्रश्न पडला. आणि त्याचें उत्तर म्हणून कंपन्या निघूं लागल्या.

जानेवारी १८६५ मध्यें मुंबईंत ३१ बँका, १६ आर्थिक मंडळ्या, जमिनीच्या ८ व विम्याच्या २० कंपन्या, शिवाय कापूस दाबण्याच्या, जहाजांच्या आणि इतर किती तरी कंपन्या नांदत होत्या. त्यांतील पुष्कळांचा धंदा कागदावरच होता. या सर्वांत बॅक बे रेक्लमेशन कंपनीचें नांव गाजलें. पश्चिमेकडील उपसागरांत भर घालून जमीन करावयाची, असा तिचा उद्देश होता. शहराची वस्ती तेव्हां झपाट्यानें वाढली होती. १८६४ च्या शिरगणतींत ती ८,१६,५६२ भरली. अशा शहरांत नव्या जमिनीस मोल येणार हें उघड होतें. पण ती जमीन समुद्रांतून वर येण्यापूर्वींच कंपनीच्या ५,००० रुपयांच्या शेअरचा भाव ५०,००० च्या घरांत जाऊन पोंचला. बँक ऑफ बॉम्बेचा शेअर तर सरकारी आश्रयाच्या, जुन्या व प्रतिष्ठित बँकेचा; तोही चढत चढत २,८५० वर गेला.

हे भाव कंपनींत पैसे गुंतवून स्वस्थ बसणाऱ्या लोकांनीं चढविले नव्हते. शेअर मिळाल्याची चिठ्ठी हातीं येते न येते तों ती दुसऱ्यास विकावयाची, त्यानें तिसऱ्यास विकावयाची, असा क्रम चालू होता. पुढें पुढें तर चिठ्ठीचीही गरज उरली नाहीं. अमुक तारखेस अमुक भावानें इतके शेअर घेईन किंवा देईन, असा वायदा तोंडी झाला म्हणजे सौदा पुरा होई, आणि मुदतीच्या दिवशीं फक्त भावांतील फरक द्यावाघ्यावा लागे. विकणाऱ्याजवळ शेअर नसे आणि घेणाऱ्याजवळ पैसा नसे. १८६० च्या सुमारास मुंबईंत शेअरदलाल साठएक होते. या वर्षांत त्यांची संख्या दोनशे-अडीचशांवर गेली. व्यापारी, कारकून, वकील, डॉक्टर, गोरे अंमलदार अशा सर्व थरांतले लोक या व्यवहारांत उतरले. ज्याच्या हातांत त्या काळांत वही असती, त्याची बाकी जमेचीच दिसली असती. आणि ती सहा महिनेच नव्हे, चांगलीं दोन-तीन वर्षें तशी दिसली असती.

या काळाचे नायक प्रेमचंद रायचंद. १८३१ सालीं सुरत प्रांतीं जन्मलेला हा गृहस्थ दलालाच्या हाताखालीं उमेदवारी करून वर आला. इंग्रजी जाणणारा पहिला देशी शेअरदलाल म्हणून त्यांचें नांव सांगतात. विलायतेची टपाल घेऊन येणारी आगबोट बंदरास लागण्यापूर्वींच आपले मचवे समुद्रांत पाठवून लिव्हरपूलचे भाव ते इतरांआधीं मिळवीत, अशीही आख्यायिका आहे. बँक ऑफ बॉम्बे व एशियाटिक बँकिंग कॉर्पोरेशन या दोन्ही संस्थांत त्यांच्या शब्दास मोठें वजन होतें. नवी कंपनी काढणाऱ्यांस त्यांचा आशीर्वाद हवा असे, आणि कर्ज मागणाऱ्यांस त्यांची चिठ्ठी. सर दिनशा वाच्छा यांनीं विशीच्या वयांत हें सर्व डोळ्यांनीं पाहिलें, आणि पुढें १९१० सालीं मुंबईच्या या आर्थिक प्रकरणावर व नंतर प्रेमचंदशेटांच्या चरित्रावर स्वतंत्र पुस्तकें लिहिलीं. सट्टा यशस्वी करण्यास जें जें लागतें म्हणून सांगतात, म्हणजे अनुभव, माहिती, भांडवल, पत, धाडस आणि थंड डोकें, तें सर्व या एका माणसाच्या ठायीं एकवटलें होतें. आमच्या विवेचनांत हीच गोष्ट महत्त्वाची आहे.

१८६३ च्या नव्या कायद्यानें बँक ऑफ बॉम्बेवरील जुनीं बंधनें सैल झालीं आणि शेअरांच्या तारणावर कर्ज देण्याची तिला मोकळीक मिळाली. यामुळें एक चमत्कारिक चक्र सुरू झालें. शेअर चढले कीं त्यांच्या तारणावर अधिक कर्ज मिळे. त्या कर्जानें आणखी शेअर घेतले जात. त्या खरेदीनें शेअर आणखी चढत. चढत्या बाजूस हें चक्र जितक्या वेगानें फिरतें, तितक्याच वेगानें तें उतरत्या बाजूसही फिरतें, हें कळण्याची वेळ लवकरच आली.

९ एप्रिल १८६५ रोजीं जनरल ली यानें शस्त्र खालीं ठेवलें. युद्ध संपल्याची वार्ता मुंबईस पोंचली, कापसाचे भाव कोसळले, आणि मे महिन्यापासून मोठमोठ्या पेढ्या बसूं लागल्या. शेंकडों वायद्यांची मुदत १ जुलै १८६५ ही होती. तो दिवस उजाडला तेव्हां देणें सर्वांस होतें व येणें सर्वांचें होतें, परंतु पैसा कोणाजवळच नव्हता. दिवाळखोरांची संख्या एवढी झाली कीं, त्यांच्या मालमत्तेच्या निकालासाठीं सरकारास खास कायदा करावा लागला. बॅक बेचा शेअर २,००० च्या खालीं आला. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० वरून ८७ वर आला. पुढच्या वर्षीं एशियाटिक बँकेनें हात टेकले आणि प्रेमचंदशेटांचेंही दिवाळें वाजलें. १८६८ मध्यें बँक ऑफ बॉम्बे बुडाली व तिच्या चौकशीसाठीं कमिशन बसलें. १८७२ च्या शिरगणतींत शहराची वस्ती ६,४४,४०५ इतकीच भरली.

या हकीकतीचें तात्पर्य सामान्यतः एका वाक्यांत सांगतात: लोक हांवरे झाले आणि बुडाले. हें खोटें नाहीं, पण अपुरें आहे. आणि आमच्या स्नेह्यांच्या चिरंजीवांस तें लागूही पडत नाहीं, कारण ते स्वतःस हांवरे समजत नाहींत व आम्हांसही तसे वाटत नाहींत. सावध व हुशार माणसाचाही नफा कां टिकला नाहीं, हें पाहावयाचें असेल तर सौद्याच्या पोटांत शिरलें पाहिजे.

पहिली गोष्ट अशी कीं, भरतीच्या पाण्यावर सर्वच होड्या वर येतात. १८६३-६४ मध्यें ज्यानें जें घेतलें तें चढलें, आणि प्रत्येकानें त्याचें श्रेय आपल्या अक्कलहुशारीस दिलें. आपला नफा किती आणि बाजाराचा किती, याची वजाबाकी कोणीं केली नाहीं. ती वजाबाकी न केलेली वही कितीही स्वच्छ असली तरी ती कर्तबगारीचा दाखला होऊं शकत नाहीं.

दुसरी गोष्ट, प्रत्येक सौद्यास दोन बाजू असतात. मीं शेअर स्वस्त घेतला असें म्हणावयाचें तर कोणीं तरी तो मला स्वस्त विकलेला असतो. बाजारांतील सर्वांनीं मिळून जी वाढ मिळवावयाची ती कंपन्यांच्या मूल्यांत झालेल्या वाढीइतकीच असते. आपसांतील देवघेवीनें ती रुपयाभरही वाढत नाहीं. म्हणून सतत देवघेव करणाऱ्यांपैकीं एकास सरासरीहून अधिक मिळालें तर दुसऱ्यास तितकेंच कमी मिळालेलें असतें. वायद्याच्या सौद्यांत तर वाढीचाही प्रश्न नाहीं. तेथें एकाची जमा हीच दुसऱ्याची नांवें. १ जुलैच्या दिवशीं मुंबईस हें सत्य प्रत्यक्ष दिसलें. ज्यांनीं भाव उतरणार हें बरोबर ओळखलें होतें, त्यांचाही नफा बुडाला. कारण तो नफा म्हणजे दुसऱ्या कोणाचें तरी देणें होतें आणि तो दुसरा दिवाळखोरींत गेला होता. आज सौदे पुरे करण्याची हमी बाजाराच्या संस्था घेतात, त्यामुळें ती विशिष्ट भीति उरली नाहीं. परंतु जमेची बाजू कोणाच्या तरी नांवेंतूनच भरते, हा नियम तसाच आहे. आणि दोघांच्या मध्यें दलाली व कर बसलेले असतात. ते जिंकणाराही देतो व हरणाराही देतो. एका फेरींत शेंकडा पावच खर्च येतो असें धरिलें, तरी वर्षांत शंभर वेळां तेंच भांडवल फिरविणाऱ्याचें शेंकडा पंचवीस भांडवल खर्चांतच जातें. इतका नफा आधीं मिळवावा, तेव्हां तो शून्यावर येणार.

तिसरी गोष्ट कर्जाची. स्वतःच्या पैशानें शेअर घेणारा चुकला तरी थांबूं शकतो. उसन्या पैशानें घेणाऱ्याची मुदत दुसऱ्याच्या हातांत असते. शेवटीं त्याचें अनुमान खरें ठरणार असलें, तरी तोंपर्यंत त्यास बाजारांत उभें राहूं देतील असें नाहीं. बॅक बेची जमीन आज ना उद्यां मोलाची होणार, हें अनुमान कांहीं चुकीचें नव्हतें. मुंबईचा पुढचा इतिहास त्याची साक्ष देतो. पण १८६५ च्या जुलैंत ज्याला पैसे भरावयाचे होते त्याला त्या साक्षीचा उपयोग नव्हता.

चौथी गोष्ट मनुष्यस्वभावाची आहे. जिंकणारा मनुष्य डाव वाढवितो. नफा होत गेला कीं विश्वास वाढतो, विश्वास वाढला कीं रक्कम वाढते, आणि त्यामुळें जेव्हां केव्हां तोटा येतो तेव्हां तो सर्वांत मोठ्या रकमेवर येतो. शिवाय शेंकड्यांचें गणित उतरत्या बाजूस क्रूर आहे. दहा हजारांवर शेंकडा पन्नास नफा झाला तर पंधरा हजार होतात. मग शेंकडा पन्नासच तोटा झाला तर दहा हजार उरत नाहींत, साडेसात हजार उरतात. प्रेमचंदशेट कांहीं पहिल्या सौद्यांत बुडाले नाहींत. पंधरा वर्षें जिंकल्यावर, सर्वांत मोठ्या डावावर, एकदांच बुडाले.

बुद्धीनें या चार गोष्टींवर मात करतां येईल असें कोणास वाटत असेल, तर त्यानें याहून जुनें एक उदाहरण आठवावें. १७२० सालीं लंडनमध्यें साउथ सी कंपनीच्या शेअरांचें असेंच वेड माजलें. टांकसाळीचे अधिपति सर आयझॅक न्यूटन यांनीं ते शेअर वेळीच विकून चांगला नफा पदरांत पाडला. नंतर भाव आणखी चढतांना पाहून त्यांना राहवलें नाहीं. शिखराच्या जवळपास त्यांनीं ते पुन्हां घेतले, आणि सुमारें वीस हजार पौंड गमावले असें सांगतात. ग्रहांच्या गतीचे नियम शोधणाऱ्या बुद्धीसही शेजाऱ्याचा नफा पाहून स्वस्थ बसतां आलें नाहीं.

एकदोन पुरुषांच्या गोष्टींवरून नियम काढूं नये, हें आम्हांस मान्य आहे. परंतु या विषयाचीं मोजमापें अलीकडच्या शंभर वर्षांत झालीं आहेत आणि तीं एकाच दिशेस बोट दाखवितात. अमेरिकेंत अल्फ्रेड कौल्स यांनीं १९३३ सालीं बाजाराचीं भविष्यें वर्तविणाऱ्यांची परीक्षा केली. वॉल स्ट्रीट जर्नलचे नामांकित संपादक विल्यम हॅमिल्टन यांनीं १९०४ ते १९२९ पर्यंत दिलेल्या सल्ल्याप्रमाणें घेणाऱ्या-विकणाऱ्यास वर्षास शेंकडा १२ सुटले असते. कांहीं न करतां प्रमुख शेअर नुसते धरून ठेवणाऱ्यास शेंकडा साडेपंधरा मिळाले असते. पुढें बार्बर व ओडीन या दोन पंडितांनीं १९९१ ते १९९६ या काळांतील ६६,४६५ अमेरिकन कुटुंबांचीं खातीं तपासलीं. बाजार वर्षास शेंकडा १७.९ नें वाढला असतां, सर्वांत अधिक उलाढाल करणाऱ्या कुटुंबांस शेंकडा ११.४ मिळाले. हीं माणसें मूर्ख नव्हतीं. तीं जितकी हालचाल अधिक करीत गेलीं, तितकी दलाली अधिक भरीत गेलीं, इतकेंच. ब्राझीलमध्यें तर एका अभ्यासांत तीनशेंहून अधिक दिवस रोजचा सट्टा चिकाटीनें चालविणाऱ्या १,५५१ जणांचे हिशेब पाहिले. त्यांतील शेंकडा ९७ तोट्यांत होते. चिकाटीनें हा धंदा साधतो, या समजुतीस याहून स्पष्ट उत्तर नसेल.

आपल्या देशाचे आंकडे आणखी बोलके आहेत. रोखेबाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनें सप्टेंबर २०२४ मध्यें फ्युचर्स व ऑप्शन्स यांच्या सौद्यांचा अहवाल प्रसिद्ध केला. १८६५ चे वायदे आणि हे सौदे यांत बांधणीचा फरक पुष्कळ असला तरी जात एकच. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत या व्यवहारांत एक कोटीहून अधिक व्यक्ति उतरल्या. त्यांपैकीं शेंकडा ९३ जणांस तोटा झाला, आणि सर्वांचा मिळून तोटा १.८ लाख कोटी रुपयांवर गेला. त्यांतील सुमारें पन्नास हजार कोटी नुसता व्यवहारखर्च होता. एकट्या २०२३-२४ सालीं, खर्च धरण्यापूर्वींच, व्यक्तिशः व्यवहार करणारांनीं व तत्सम वर्गानें सुमारें ६१,००० कोटी गमावले. त्याच वर्षीं स्वतःच्या भांडवलावर व्यवहार करणाऱ्या पेढ्यांनीं सुमारें ३३,००० कोटी व परदेशी गुंतवणूक संस्थांनीं सुमारें २८,००० कोटी मिळविले. वाचकांनीं बेरीज करून पाहावी. नांवेंतून जमा भरते, हा जो नियम आम्हीं वर सांगितला, तो येथें सरकारी आंकड्यांत उभा आहे. ज्यांनीं मिळविलें त्यांचा बहुतेक व्यवहार यंत्रें करतात. प्रेमचंदशेटांचा मचवा इतरांहून कांहीं तास आधीं भाव आणी. हीं यंत्रें सेकंदाच्या अंशानें आधीं सौदा करतात. मचव्याच्या काळींही किनाऱ्यावर उभा असलेला कारकून हा समोरचा पक्ष होता, आणि आजही तोच आहे.

यावर चिरंजीव म्हणतील, शेंकडा सात तर जिंकले ना? मीं त्या सातांत आहें. कोणीच जिंकत नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. तैवानांतील दीर्घ अभ्यासांतही खर्च वजा जातां वर्षानुवर्षें नफा मिळविणारे थोडे रोजचे सट्टेबाज आढळले. ते शेंकडा एकाहूनही कमी होते. पण आपण त्यांत आहों हें ओळखावयाचें कसें? चौसष्ट जणांनीं सहा वेळां नाणें उडविलें तर सहाही वेळां छापा येणारा त्यांत सरासरीनें एक निघतो. चौसष्ट तरुण जेथें या बाजारांत आहेत, तेथें सहाही महिने जमेची बाकी दाखविणारी एक वही नुसत्या योगायोगानें तयार होते. आणि आपल्याकडे असे तरुण चौसष्ट नव्हेत, लाखों आहेत. ज्यांची वही पहिल्याच महिन्यांत बिघडली ते ती कोणास दाखवीत नाहींत; म्हणून आपल्या दृष्टीस पडते ती नेहमीं जिंकलेल्याचीच वही.

मग मध्यमवर्गीय गृहस्थानें शेअर घेऊंच नयेत काय? असा निष्कर्ष काढणें चुकीचें होईल. शेअर ही एखाद्या धंद्यांतील भागीदारी आहे. धंदा चालला तर त्याचा नफा भागीदारास मिळतो, आणि तो कोणाच्या तोट्यांतून आलेला नसतो. याचेंही उदाहरण त्याच काळांत आहे. १८६५ च्या आपत्तींत ज्यांचीं घराणीं होरपळलीं त्यांत जमशेटजी टाटा यांचें घराणें होतें. हिंदी बँकेची योजना घेऊन ते विलायतेस गेले असतां इकडे बाजार कोसळला, आणि बँकेऐवजीं त्यांना तेथें सावकारांस तोंड द्यावें लागलें. या अनुभवानंतर त्यांनीं गिरणीचा धंदा पाहिला, शिकला, आणि १ जानेवारी १८७७ रोजीं नागपुरांत एम्प्रेस मिल सुरू केली. जेथें कापूस पिकतो तेथेंच तो विणावा, हा त्यांचा विचार होता. त्या गिरणींत ज्यांनीं पैसे घालून स्वस्थ ठेवले, त्यांची कमाई सुतापासून आली. ती मिळविण्यास कोणी हरावें लागलें नाहीं. भागीदार आणि सट्टेबाज एकाच बाजारांत एकच कागद घेतात, पण एक धंद्याची वाट पाहतो आणि दुसरा गिऱ्हाइकाची.

प्रेमचंदशेट दिवाळ्यानंतर चाळीस वर्षें जगले व १९०६ सालीं वारले. व्यापार त्यांनीं सोडला नाहीं, पण पूर्वीचें वैभव परतलें नाहीं. मात्र त्यांच्या त्या काळच्या कमाईचा एक भाग अद्यापि उभा आहे. १८६४ सालीं, भाव शिखराकडे जात असतां, त्यांनीं मुंबई विश्वविद्यालयास ग्रंथालयासाठीं दोन लाख व घड्याळाच्या मनोऱ्यासाठीं दोन लाख रुपये दिले. १८७८ मध्यें पुरा झालेला तो मनोरा त्यांच्या मातोश्रींच्या नांवानें राजाबाई टॉवर म्हणून ओळखला जातो. बाजारांत ठेवलेली त्यांची सर्व संपत्ति गेली. बाजाराबाहेर काढलेली तेवढी राहिली. नफा हा वहींत असेपर्यंत नफा नसतो, तो बाहेर काढून दुसऱ्या कामास लावला म्हणजे नफा होतो, एवढें तो मनोरा अवश्य सांगतो.

आमच्या स्नेह्यांस आम्हीं वही परत केली ती शेवटच्या कोऱ्या पानावर तीन प्रश्न लिहून. त्या सहा महिन्यांत हेच भांडवल साऱ्या बाजाराच्या सरासरीवर चालणाऱ्या फंडांत नुसतें ठेवलें असतें तर किती झालें असतें? दलाली व कर यांत एकूण किती गेलें? आणि नोकरी सुटल्यावर जो पगार बुडेल तो महिन्याच्या खर्चांत धरला तर बाकी कोणत्या बाजूस पडते? घरावरील कर्जाविषयीं आम्हीं वेगळा प्रश्न लिहिला नाहीं. तेवढें मात्र त्यांना तोंडीच, आणि स्पष्ट शब्दांत, नको म्हणून सांगितलें.

पुढें महिन्याभरानें त्यांचें पत्र आलें. चिरंजीवांनीं पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें काढलीं होतीं. नफ्यांतील निम्म्याहून अधिक भाग बाजाराच्या भरतीचाच निघाला, आणि उरलेल्याचा बराच भाग दलाली व करांच्या भरतीस गेलेला आढळला. ते कांहीं दिवस फारसे बोलले नाहींत. सौदे त्यांनीं अगदींच सोडले आहेत असें नाहीं. परंतु राजीनामा दिलेला नाहीं आणि घराचे कागद कपाटांतच आहेत. तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर त्या पानावर अजून लिहावयाचें आहे. ज्या घरांत अशी वही असेल, त्या घरांतील वडील माणसांनीं मुलास रागें न भरतां त्याच्या शेजारीं बसून हे तीन प्रश्न त्याच्याकडून लिहवून घ्यावेत, अशी आमची विनंती आहे.